आधी रिंग लाइट, मग रिअ‍ॅक्ट

गोंदियात सध्या दोन गोष्टींचं नियोजन जोरात चालतं: लग्नाचं आणि यूट्यूब चॅनलचं. लग्नात निदान जेवण मिळतं. चॅनलवाले पाहुण्यालाच सांगतात, बेल वाजव आणि पुढे हो.

परवा अशाच एका नियोजन बैठकीला बसायचा योग आला. विषय होता ‘रिअ‍ॅक्ट शिका मराठीतून’. रिअ‍ॅक्ट म्हणजे वेबसाइटचा डोळ्यांना दिसणारा भाग बांधायची जावास्क्रिप्टची लायब्ररी. फेसबुकने ती मे २०१३ मध्ये सगळ्यांसाठी खुली केली, आणि आता नोकरीची जाहिरात वाचणाऱ्या प्रत्येक पोराला ती यावीच लागते. बैठकीला तिघं होते. कॉम्प्युटर क्लास चालवणारे सर, लग्नाचं शूटिंग करणारे स्टुडिओवाले भाऊ आणि तिरोड्याहून रोज अप-डाऊन करणारी बीएस्सीची एक मुलगी. मुलीला का बोलावलं? तिला थंबनेल छान बनवता येतं म्हणून.

पहिला अर्धा तास चॅनलच्या नावावर गेला, दुसरा लोगोवर. लोगोत लॅपटॉपवर उतरणारा सारस आहे. मग खरेदीची यादी झाली: मोठा रिंग लाइट, कॉलरचा माइक, मागच्या भिंतीवर निळी एलईडी पट्टी. थंबनेलवर सरांचा फोटो, दोन्ही हात डोक्याला आणि तोंड उघडं. भाऊंनी ड्रोनचीही तयारी दाखवली. ‘काऊन सर, सुरुवातीले नवेगावबांधचा शॉट टाकू ना वरून!’ रिअ‍ॅक्ट शिकणाऱ्याला तलाव वरून कसा दिसतो हे कळलंच पाहिजे, यावर सर्वांचं एकमत झालं.

एकूण भाग ठरले साठ. साठ भागांत काय काय येणार, ते सरांनी घडाघडा सांगितलं. ते कुणाला येणार, हा मुद्दा विषयपत्रिकेत नव्हता.

शेवटी चहा आला तेव्हा मुलगी हळूच म्हणाली, ‘सर, व्हिडिओ पायतानी सारं समजते. बंद केला का काईच येत नाई.’

सर म्हणाले, ‘मग बंद कशाला करतेस?’

ठराव मंजूर.

ताजी मालिका, शिळा माल

सरांच्या नोट्स २०१८ च्या आहेत. अक्षर सुंदर, मार्जिन आखलेली, आणि मजकुराचा काळ उलटून गेलेला. त्या नोट्समध्ये रिअ‍ॅक्टचे कंपोनंट ‘क्लास’ने लिहिले आहेत. फेब्रुवारी २०१९ मध्ये १६.८ ही आवृत्ती आली, तिने ‘हुक्स’ आणले, आणि साध्या फंक्शनने काम भागायला लागलं. रिअ‍ॅक्टवाल्यांनी आपली अधिकृत शिकवणी मार्च २०२३ मध्ये नव्याने लिहून मांडली, ती याच नव्या पद्धतीने. आमच्या सरांनीही बदल केला आहे. इंट्रोचं म्युझिक नवं घेतलं.

दुसऱ्या भागात विद्यार्थ्याने टाइप करायची पहिली आज्ञा आहे ‘क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप’. या साधनाला रिअ‍ॅक्टच्या मंडळींनी १४ फेब्रुवारी २०२५ ला अधिकृत निरोप दिला: नव्या कामासाठी हे वापरू नका. निरोपाला दिवसही काय निवडला! तिसऱ्या भागात ‘रिअ‍ॅक्टडॉम डॉट रेंडर’ येतं. ते १८ व्या आवृत्तीत म्हातारं ठरलं आणि डिसेंबर २०२४ च्या १९ व्या आवृत्तीत काढूनच टाकलं. म्हणजे जो विद्यार्थी नवी आवृत्ती उतरवून घेईल आणि सरांच्या मागे इमानदारीने टाइप करील, त्याच्या पडद्यावर तिसऱ्या भागातच लाल अक्षरं उमटणार.

आता खरी गंमत. ती लाल अक्षरं पाहून अर्जुनीचा पोरगा असं म्हणत नाही की, सरांचा व्हिडिओ जुना आहे. तो म्हणतो, आपल्यालाच जमत नाही. दोन दिवस खटपट करतो, मग तलाठी भरतीचं पुस्तक पुन्हा काढतो. एका शिळ्या व्हिडिओने एक प्रोग्रामर खाल्ला, त्याची नोंद कुठल्याच अ‍ॅनालिटिक्समध्ये होत नाही. तिथे फक्त ‘व्ह्यू: एक’ एवढंच वाढतं.

हे दुखणं एकट्या रिअ‍ॅक्टचं नाही. अँग्युलरजेएसचा आधार २०२१ च्या डिसेंबरअखेर संपला, ‘व्ह्यू’ नावाच्या अशाच दुसऱ्या साधनाच्या दुसऱ्या आवृत्तीचा २०२३ च्या डिसेंबरअखेर. त्यांचे व्हिडिओ मात्र ठणठणीत आहेत. उलट जुन्या व्हिडिओचे व्ह्यूज जास्त, म्हणून शोधात तोच वर, म्हणून नवा विद्यार्थीही त्याच्याच हाती लागतो. काढायला कुणी तयार नाही. चालत्या व्हिडिओवर कोण पाणी सोडणार?

उपाय सोपा आहे म्हणून कुणी करत नाही. शीर्षकात आवृत्ती आणि महिना लिहा. कालबाह्य झाला की पहिल्याच ओळीत तसं सांगा, नव्या व्हिडिओचा दुवा द्या. आणि साठ भागांचा इमला उभारण्याआधी जे बदलत नाही ते शिकवा: एचटीएमएल, फंक्शन, ऑब्जेक्ट, अ‍ॅरेचे ‘मॅप’ आणि ‘फिल्टर’. रिअ‍ॅक्ट येत नाही असं रडणाऱ्या बहुतेकांना खरं तर जावास्क्रिप्ट येत नसतं. पण ‘आधी जावास्क्रिप्ट पक्कं करा’ या वाक्यावर तोंड उघडं टाकलेलं थंबनेल जमत नाही, ही अडचण मान्य.

बारा तास, एका दमात

साठ भाग झाले की सर ते सगळे जोडून ‘बारा तासांत संपूर्ण रिअ‍ॅक्ट’ असा एकच व्हिडिओही टाकणार आहेत. दुपारच्या विदर्भ एक्स्प्रेसमध्ये गोंदियाला बसून लावला, तर रात्रभर पाहता येईल. मुंबईला उतरताना प्रवाशाला झोप आणि रिअ‍ॅक्ट, दोन्ही आलेलं नसेल.

या बाबतीत जगाने जरा मोजमाप केलं आहे. २०१४ मध्ये फिलिप गुओ, जुहो किम आणि रॉब रुबिन यांनी ‘एडएक्स’वरच्या अभ्यासक्रमांचे व्हिडिओ तपासले. विद्यार्थ्यांनी व्हिडिओ पाहिल्याच्या तब्बल ६९ लाख नोंदी त्यांनी चाळल्या. निघालं काय? व्हिडिओ कितीही लांब असो, मध्यावरचा विद्यार्थी सहा मिनिटांपलीकडे टिकत नाही. आणि दुसरं निघालं ते आमच्या स्टुडिओवाल्या भाऊंना सांगायची हिंमत मला झाली नाही: महागड्या स्टुडिओत चित्रित केलेल्यापेक्षा टेबलाशी बसून समोरच्याशी बोलल्यासारखं केलेलं चित्रण विद्यार्थ्यांना जास्त धरून ठेवू शकतं. रिंग लाइटची ऑर्डर तोवर गेलेली होती.

बरं, एवढ्या दूर जायचीही गरज नाही. आपल्याच पवईत, आयआयटी मुंबईत, प्राध्यापक कन्नन मौदगल्य यांच्या पुढाकाराने ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा प्रकल्प केंद्र सरकारच्या पैशातून उभा राहिला, त्याला कित्येक वर्षं झाली. लिनक्स, पायथन, पीएचपी-मायएसक्यूएल अशी मुक्त सॉफ्टवेअर तिथे शिकवतात. एक धडा सुमारे दहा मिनिटांचा. पडद्यावर इंग्रजीच, कारण नोकरीतही पडद्यावर इंग्रजीच असणार; निवेदन मात्र मराठीसह अनेक भारतीय भाषांत. त्यात कुणाचा चेहरा नाही. ड्रोन नाही. इंटरनेट नसेल तिथेही चालावं अशी सोय.

आणि नियोजन कसलं! आधी संहिता लिहायची, दोन रकान्यांत. एका रकान्यात पडद्यावर काय दिसेल, दुसऱ्यात काय बोलायचं. मग विषयातला जाणकार ती तपासणार. आणि मग येतो तो टप्पा, जो ऐकून आमचे सर चहात बिस्कीट विसरले: संहिता एका नवशिक्याच्या हातात द्यायची. त्याला विषय येत नसला पाहिजे, हीच त्याची पात्रता. ती वाचून त्याला काम करता आलं तर पुढे रेकॉर्डिंग, अडखळला तर संहिता दुरुस्त. विद्यार्थी दुरुस्त करायचा नाही.

या मंडळींनी डोळ्यांसमोर ठेवलेला विद्यार्थी कोण, माहीत आहे? दूर कुठेतरी राहणारं, मध्यरात्री एकट्याने शिकत बसलेलं, विचारायला जवळ कुणीही नसलेलं मूल. आमच्या बैठकीत डोळ्यांसमोर कोण होतं? कॅमेरा.

धुऱ्यावरचे प्रेक्षक

तिरोड्याच्या मुलीने जे सांगितलं त्यावर जगभरचे शिक्षक डोकं खाजवताहेत. व्हिडिओत सगळं सरळ जातं, कारण चुका एडिटिंगमध्ये कापलेल्या असतात. सर टाइप करतात, पान उघडतं, सगळे टाळ्या वाजवतात. बघणाऱ्याला वाटतं, आलं आपल्याला. शेताच्या धुऱ्यावर उभं राहून धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, पाहिला म्हणून कुणाला रोवणा येत नाही. त्यासाठी बांधीत उतरून कंबर मोडावी लागते. आमचे साठ भाग म्हणजे धुऱ्यावर मांडलेल्या साठ खुर्च्या.

यावर उत्तर शोधणारा एक माणूस लायब्ररीवाल्यांच्याच जातीचा निघाला. जॉन रेसिग. यानेच २००६ मध्ये ‘जेक्वेरी’ काढली, जिच्यावर अर्धं इंटरनेट वर्षानुवर्षं पोसलं गेलं. पुढे तो खान अकादमीत गेला आणि २०१२ मध्ये तिथे प्रोग्रामिंगचे धडे आले. ते दिसायला व्हिडिओसारखे, पण व्हिडिओ नव्हेत. शिक्षकाचा आवाज चालतो, त्याच्यासोबत खराखुरा कोड लिहिला जातो, आणि विद्यार्थ्याने मध्येच थांबवून त्याच कोडमध्ये बोट घालून तो मोडायचा. रंग बदल, आकडा वाढव, कंस काढून टाक, बघ काय होतं. मोडून पाहायची परवानगी असलेला धडा! आपल्याकडे कॉम्प्युटर लॅबमध्ये अजून चपला बाहेर काढायला लावतात.

आयआयटीवाल्यांची युक्ती आणखी स्वस्त आहे. पडद्याच्या अर्ध्या भागात व्हिडिओ, उरलेल्या अर्ध्यात आपलं काम. सर एक पायरी करतात, थांबवायचं, आपण तीच करायची. यात एकच अडचण आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या पुष्कळ पोरांकडे पडदा आहे तो हाताच्या पंजाएवढा. लॅपटॉप घरात नाही, मोबाइल आहे, तोही कधी भावाशी वाटून. तेव्हा नियोजनाच्या कागदावरचा पहिला प्रश्न ‘कोणता माइक?’ हा नसून ‘पाहणारा कोड लिहिणार कुठे?’ हा आहे. ब्राउझरमध्येच कोड चालवणारी ठिकाणं आहेत, ती पहिल्या भागात दाखवा. कॉलेजची लॅब दुपारी रिकामी असते, ती उघडी ठेवायला लावा. यातलं दुसरं काम जास्त अवघड. चावी सुट्टीवर असते.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. एमकेसीएल २००१ मध्ये स्थापन झालं, मागोमाग त्याचा एमएस-सीआयटी हा कॉम्प्युटर साक्षरतेचा कोर्स आला, आणि तालुक्या-तालुक्यात कॉम्प्युटर पोचला. सरकारी नोकरीच्या फाइलीला प्रमाणपत्र लागतं म्हणून घरोघरी ते लॅमिनेट झालं. त्यातल्या अनेकांनी नंतर माउसला हात लावला तो थेट ऑनलाइन फॉर्म भरताना, तोही दुसऱ्याच्या हाताने, सेतू केंद्रात पैसे देऊन. प्रमाणपत्र मिळालं की शिक्षण संपलं, अशी आपली समजूत. यूट्यूबने प्रमाणपत्र काढून घेतलं, पण समजूत तशीच ठेवली. व्हिडिओ संपला की शिक्षण संपलं.

ड्रॅगनफ्रूट नको, बारदाना द्या

उदाहरणांचं काय? सरांच्या साठ भागांत तीच ती ‘टू-डू लिस्ट’ आहे: दूध आणायचं, जिमला जायचं. रिअ‍ॅक्टच्या अधिकृत शिकवणीत निदान फुल्ली-गोळ्याचा खेळ बांधायला शिकवतात. तो आमच्या पोरांना येतो, वर्गातला मागचा बाक त्यासाठीच असतो. पण तिथल्याच दुसऱ्या धड्यात भाजीबाजाराची यादी आहे. तिच्यात ड्रॅगनफ्रूट आणि पॅशनफ्रूट, भाव डॉलरमध्ये, आणि एक चौकट: ‘फक्त शिल्लक असलेला माल दाखवा’. गोंदियाच्या बाजारात या धड्याने एक गिऱ्हाईक उभं राहणार नाही.

तेव्हा माझा पर्यायी आराखडा. १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा, तालुके आठ. व्हिडिओही आठच. प्रत्येक दहा मिनिटांच्या आत.

पहिला, तिरोडा. विषय: कंपोनंट आणि प्रॉप्स. तिरोड्याला अदानींचा वीज प्रकल्प आहे, ३,३०० मेगावॉटचा. ६६० मेगावॉटचे पाच संच. संचाचं एकच कार्ड लिहा, क्रमांक बदलून पाचदा वापरा. कंपोनंट म्हणजे एवढंच. गृहपाठ: धडा करताना घरातली लाइट गेली, तर चूक कुठे शोधायची ते स्पष्ट करा.

दुसरा, गोंदिया. विषय: स्टेट. सगळे शिक्षक इथे शून्यापासून वाढणारा निरर्थक काउंटर शिकवतात. आपण सारसगणना करू. राज्यात सारस तगून आहेत ते मुख्यतः याच भागातल्या धानशेतीत आणि तलावांकाठी, आणि दर उन्हाळ्याच्या शेवटी पक्षीमित्र पहाटे उठून ते मोजतात. बटण दाबलं की आकडा एकने वाढतो, पडदा आपोआप नवा होतो. वजाबाकीचंही बटण ठेवा. शेतात विजेच्या तारा आहेत, कीटकनाशकं आहेत; ते बटण पडून राहत नाही.

तिसरा, गोरेगाव. विषय: की. यादीतल्या प्रत्येक ओळीला वेगळी ओळख द्या, अशी कटकट रिअ‍ॅक्ट सारखी करतं आणि विद्यार्थी ती लाल सूचना सारखी दुर्लक्षितो. त्याला चौकात उभं करा आणि ‘ओ पटले!’ अशी हाक मारायला सांगा. अर्धा चौक वळून पाहील. उरलेला अर्धा बिसेन आणि रहांगडाले असतो. नावावर भागत नाही, गट नंबर लागतो. हे तलाठ्याला कळतं, रिअ‍ॅक्टला कळतं, विद्यार्थ्यालाही दोन मिनिटांत कळेल.

चौथा, देवरी. विषय: यादीत यादी. तेंदूपत्ता. ७० पानांचा एक पुडा, १,००० पुड्यांची एक प्रमाण गोणी. पानांचा अ‍ॅरे, पुड्यांचा अ‍ॅरे, गोण्यांचा अ‍ॅरे. मॅपच्या आत मॅप. पानं जमा करायच्या फळीवर पुडे मोजून देणाऱ्या बाईला हा हिशोब तोंडपाठ आहे. तिच्या पोराला इंग्रजी पुस्तकातला ‘नेस्टेड अ‍ॅरे’ समजला नाही म्हणून नापास केलं गेलं.

पाचवा, आमगाव. विषय: फॉर्म आणि फिल्टर. आधारभूत केंद्रावर धान विकायचं आहे. क्विंटल भरा, २०२५-२६ च्या हंगामाचा साधारण धानाचा भाव २,३६९ रुपये, गुणाकार पडद्यावर. पुढची पायरी कमाल मर्यादेची: २०२४-२५ साठी राज्याने प्रोत्साहनपर रक्कम दिली ती हेक्टरी २० हजार, जास्तीत जास्त दोन हेक्टरला. पाच हेक्टर टाकणाऱ्याला एक लाख दाखवलं तर प्रोग्राम चूक. ‘मॅथ डॉट मिन’ इथे शिकवा. आणि ड्रॅगनफ्रूटवाली ती चौकट अशी ठेवा: ‘फक्त बारदाना शिल्लक असलेली केंद्रं दाखवा’. टिचकी मारा. यादी रिकामी येते. घाबरू नका, कोड बरोबर आहे. यादी रिकामी असताना पडद्यावर काय लिहायचं, हाही रिअ‍ॅक्टमधला महत्त्वाचा धडा आहे. सरकार तिथे ‘लवकरच’ लिहितं.

सहावा, सालेकसा. विषय: सर्व्हरकडून माहिती आणणं. शहरातले ट्युटोरियलवाले इथे धरून चालतात की माहिती येतेच. दरेकसाच्या डोंगराकडे या, मोबाइलच्या काड्या एकेक करून उतरताना बघा. माघ पौर्णिमेला कचारगडच्या गुहेकडे लाखांनी गोंड भाविक येतात, तेव्हा तर फोन नुसता शोभेचा. तेव्हा तीन अवस्था पहिल्या दिवसापासून शिकवा: येत आहे, आली, आली नाही. जावास्क्रिप्टच्या प्रॉमिसमध्येही तीनच असतात: पेंडिंग, फुलफिल्ड, रिजेक्टेड. विकलेल्या धानाच्या चुकाऱ्याच्या रांगेत उभ्या राहिलेल्या शेतकऱ्याच्या पोरीला यातली पहिली वेगळी समजवावी लागत नाही.

सातवा, सडक अर्जुनी. विषय: राउटिंग. मुंबई-कोलकाता महामार्ग, जुना सहा नंबर, आता ५३. कोहमाऱ्याच्या चौकात एक रस्ता गोंदियाकडे, एक नवेगावबांधकडे, एक देवरीकडे. पत्ता बदलला की पान बदलतं, पण गाडी तीच राहते; पूर्ण पान नव्याने लोड होत नाही. आणि चुकीचा पत्ता टाकणाऱ्यासाठी ‘४०४’चं पान बनवा. काही रस्त्यांवर हे पान थेट खड्ड्यात लावायला हवं.

आठवा, अर्जुनी मोरगाव. विषय: कॉन्टेक्स्ट. एका ठिकाणी भाषा बदलली की सगळ्या अ‍ॅपमध्ये बदलली पाहिजे. याला हा तालुका जन्मसिद्ध योग्य. मराठी आहे, झाडीबोली आहे, हिंदी आहे, गोंडी आहे, आणि गोठणगावजवळ १९७० च्या दशकापासून वसलेली तिबेटी वसाहतही आहे, नोर्ग्येलिंग. पाच भाषांचा ड्रॉपडाऊन करून दाखवा. पुण्यातले ट्युटोरियलवाले दोन भाषांतच दमतात.

आठ व्हिडिओ, ऐंशी मिनिटांच्या आत. सरांनी हिशोब केला आणि विचारलं, ‘मग बाकीच्या बावन्न भागांत काय करायचं?’ विद्यार्थ्याला करू द्या, असं मी म्हणालो. सरांना ते नियोजन वाटेना.

‘एआय आहे की आता’

स्टुडिओवाल्या भाऊंनी शेवटचा बाण काढला. ‘आता तं मोबाइलच कोड लिहून देते, शिकवता कायले?’ प्रश्न चांगला आहे. मोबाइल कोड लिहून देतो, हे खरं. पण तो जे शिकला तेही इंटरनेटवरच्या याच जुन्या मालावर. सावध नसाल तर तोही आत्मविश्वासाने कालच्या आवृत्तीची आज्ञा हातात ठेवतो, आणि ती चालली नाही की नम्रपणे माफी मागून परवाच्या आवृत्तीची देतो. त्याने दिलेला कोड वाचून ‘हे जुनं आहे’ असं म्हणता येणं, हेच आता शिकायचं उरलं आहे. म्हणजे ट्युटोरियलचं काम संपलेलं नाही, वाढलं आहे: टाइप कसं करायचं ते कमी, वाचायचं कसं, मोडायचं कसं आणि चूक शोधायची कशी ते जास्त. एक पूर्ण व्हिडिओ फक्त लाल अक्षरं वाचायला द्या. ‘अनडिफाइन्डचा मॅप वाचता येत नाही’ असं ब्राउझर ओरडतो तेव्हा त्याच्या खालीच ओळीचा क्रमांक लिहिलेला असतो. तो बघायचा असतो, एवढी गोष्टही आपले व्हिडिओ सांगत नाहीत, कारण आपल्या व्हिडिओत कधी चूकच होत नाही.

मराठीतून शिकवायचंच नाही का मग? जरूर शिकवा. पिंपरी-चिंचवडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात २०२१ पासून कॉम्प्युटर इंजिनीअरिंग मराठीतून शिकवायला सुरुवात झाली, ती हवेत झाली नाही; गरज होती म्हणून झाली. हिंदीत रिअ‍ॅक्टच्या मालिका ढिगाने आहेत, आणि गोंदियाच्या पोराला हिंदी घरचीच. त्याला मराठी व्हिडिओकडे भाषेच्या अभिमानाने ओढता येणार नाही. त्याचं धान, त्याचा पुडा आणि त्याचं नेटवर्क त्या व्हिडिओत असेल तर तो येईल. नुसतं ‘नमस्कार मित्रांनो’ मराठीत म्हटल्याने मालिका मराठी होत नाही.

बैठक संपता संपता एक दुरुस्ती सुचवली. मुलीकडचं थंबनेलचं काम काढून घ्या. तिला संहिता द्या, एक लॅपटॉप द्या, आणि सरांनी तिच्या मागे तोंड बंद करून उभं राहावं. जिथे ती अडेल तिथे व्हिडिओ चुकला, असं लिहून घ्यावं. आयआयटी हेच करते, आणि याला कुठलंही अनुदान लागत नाही. सरांना तोंड बंद ठेवण्याची अट जाचक वाटली. विषय पुढच्या बैठकीवर ढकलला.

मालिका पावसाळ्यानंतर येईल म्हणतात. तिचं यश मोजायला सबस्क्रायबर मोजू नका. साताठ महिन्यांत लायब्ररीची नवी आवृत्ती येईलच. त्या दिवशी सालेकशाची कुणी पोरगी खाली लिहील, ‘सर, चौथ्या मिनिटाची ओळ आता चालत नाही, तिथे हे लिहा.’ तिला रिअ‍ॅक्ट आलं, याचा तो पुरावा. सरांनी ती कमेंट पिन केली, तर चॅनल विद्यार्थ्यांचं. डिलीट केली, तर चॅनल सरांचं. नवेगावबांधचा ड्रोन शॉट मात्र दोन्ही वेळा छानच दिसेल.